पुठ्ठ्याच्या पानांवरची महानगरे

दोन-अडीच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी जाड पुठ्ठ्याच्या पानांची, गोल कोपऱ्यांची आणि लहान हातांत मावतील अशा आकाराची जी पुस्तके निघतात, आणि ज्यांना प्रकाशनव्यवसायात ‘बोर्ड बुक’ म्हणतात, त्यांमध्ये अलीकडच्या काळात एक स्वतंत्र शाखा चांगलीच फोफावली आहे: जगातील नामांकित शहरांची ओळख तान्ह्या आणि रांगत्या मुलांना करून देणाऱ्या पुस्तकांची. मॅसॅच्युसेट्समधील केप कॉड येथून निघणाऱ्या ‘गुड नाइट’ मालिकेत अमेरिकेतील एकेका शहराला आणि राज्याला निरोप देत बाळाला झोपवले जाते. अ‍ॅश्ली इव्हान्सन यांच्या 2015 पासूनच्या ‘हॅलो, वर्ल्ड’ मालिकेत पॅरिसच्या निमित्ताने आकार, न्यूयॉर्कच्या निमित्ताने रंग, लंडनच्या निमित्ताने विरुद्धार्थी शब्द आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या निमित्ताने अंक शिकवले जातात. तर जेनिफर अ‍ॅडम्स आणि चित्रकार ग्रेग पिझोली यांनी 2017 मध्ये याच चार शहरांवर छोटी पुस्तके केली. ही पुस्तके देखणी आहेत, त्यांची छपाई काळजीपूर्वक झालेली असते आणि पालक ती हौसेने विकत घेतात. तरीही ज्या वाचकाच्या नावाने ती निघतात त्या वाचकाला ती खरोखर काय देतात, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तो विचारला, तर असे दिसते की यांतील बहुतेक पुस्तकांत शहराचे नाव आधी ठरलेले असते आणि मूल मागाहून आलेले असते. शहर मुलाच्या वाट्याला यावे असे खरोखर वाटत असेल, तर हा क्रम उलटा करावा लागेल.

ही निवड अशी का होते, याचे एक कारण पुस्तकाच्या घडणीतच आहे. कागदी पुस्तकात पाने शिवली किंवा चिकटवली जातात आणि त्यांची संख्या हवी तेवढी वाढवता येते. पुठ्ठ्याच्या पुस्तकात मात्र समोरासमोरच्या दोन पानांचा, म्हणजे जोडपानाचा, एकच तुकडा छापून मधोमध दुमडतात आणि असे तुकडे पाठीला पाठ लावून चिकटवतात. त्यामुळे पुस्तक सपाट उघडते, चित्र मध्ये तुटत नाही आणि मुलाने ओढले, चावले, आपटले तरी टिकते. पण जाडी आणि वजन झपाट्याने वाढत असल्याने साधारण दहा-बारा जोडपानांच्या पुढे जाता येत नाही. दहा जोडपानांत न्यूयॉर्क बसवायचे ठरवले, की स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा, ब्रुकलिन पूल, सेंट्रल पार्क, पिवळी टॅक्सी अशी यादी आपोआप तयार होते, कारण मोठ्या माणसाला नाव न वाचताही शहर ओळखता येईल अशा खुणा तेवढ्याच असतात. मर्यादा घडणीची असली, तरी तिच्यातून होणारी निवड प्रौढांच्या स्मरणातून होते.

वास्तविक शहराची चित्रमय ओळख हा बालसाहित्यातील जुना आणि सन्माननीय प्रकार आहे. प्राग शहरात जन्मलेले आणि 1948 च्या सत्तापालटानंतर मायदेश सोडावा लागलेले चित्रकार मिरोस्लाव्ह शाशेक यांनी 1959 मध्ये पॅरिस आणि लंडन, आणि त्यापुढच्या वर्षी रोम आणि न्यूयॉर्क यांवर पुस्तके केली. पुढे त्या मालिकेत अठरा पुस्तके झाली आणि अनेक दशकांनी ती पुन्हा छापली गेली. शाशेक यांच्या चित्रांत प्रेक्षणीय वास्तू भरपूर आहेत, पण त्यांच्याबरोबर पोलीस, फेरीवाले, मांजरी, दुकानांच्या पाट्या आणि बसच्या रांगाही आहेत. शिवाय ही पुस्तके ज्या मुलांसाठी होती त्यांना ‘दुसरे शहर’ म्हणजे काय हे कळत होते: प्रवास म्हणजे काय, नकाशा म्हणजे काय, आपले शहर कोणते, याची त्यांना कल्पना होती. आजच्या पुठ्ठ्याच्या पुस्तकांनी हा प्रकार वयाने सात-आठ वर्षे खाली ओढला, पण पाहण्याची जागा बदलली नाही. पर्यटकाच्या उंचीवरून दिसणारे शहरच रांगणाऱ्या मुलापुढे ठेवले गेले.

रांगणारे मूल चित्राकडे कसे पाहते, याविषयी मानसशास्त्राने बरेच काही शोधले आहे. ज्यूडी डीलोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नऊ महिन्यांच्या मुलांसमोर वस्तूंची हुबेहूब रंगीत छायाचित्रे असलेली पुस्तके ठेवली, तेव्हा मुलांनी चित्रातील वस्तू बोटांनी चाचपल्या, घासल्या आणि पानावरून उचलून घेण्याचाही प्रयत्न केला. अमेरिकेतील मुलांनी हे केले तसेच पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्टमधील मुलांनीही केले. दीड वर्ष उलटल्यानंतर, साधारण एकोणीस महिन्यांच्या सुमारास, हे धरणे-ओढणे मागे पडून बोट दाखवणे सुरू होते. बोट दाखवणे म्हणजे हे चित्र आहे, वस्तू नव्हे, आणि ते कशाविषयी तरी आहे, हे कळू लागल्याची खूण. याच डीलोश यांच्या 1987 च्या दुसऱ्या एका प्रसिद्ध प्रयोगात खोलीच्या लहानशा प्रतिकृतीत एक खेळणे लपवून दाखवले आणि खऱ्या खोलीत ते कुठे असेल ते शोधायला सांगितले. तीन वर्षांच्या मुलांना ते जमले, अडीच वर्षांच्या मुलांना जवळजवळ जमलेच नाही. लहान वस्तू एकाच वेळी स्वतः एक वस्तू आहे आणि दुसऱ्या मोठ्या जागेचे चिन्हही आहे, हे दुहेरी भान त्या काही महिन्यांत येते.

या शोधांचा शहराच्या पुस्तकांशी थेट संबंध आहे. चेंडूचे चित्र चेंडूकडे बोट दाखवते आणि चेंडू खोलीतच कुठेतरी पडलेला असतो. आयफेल टॉवरचे चित्र आधी एका लोखंडी मनोऱ्याकडे बोट दाखवते, जो मुलाने पाहिलेला नाही, आणि मग तो मनोरा पॅरिस नावाच्या एका गोष्टीकडे बोट दाखवतो, जी कुठल्याच एका ठिकाणी उभे राहून पाहता येत नाही. शहर ही वस्तू नाही. रस्ते, माणसे, कायदे, आठवणी आणि नाव यांतून प्रौढ माणसाच्या मनात तयार होणारी ती एक कल्पना आहे. चिन्हाची पहिली पायरी ज्याला नुकती चढता येऊ लागली आहे, त्याच्यासमोर दुसरी पायरी मांडली जाते. पॅट्रिशिया गॅनिया आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये दाखवल्याप्रमाणे, पंधरा ते अठरा महिन्यांची मुले पुस्तकात शिकलेले वस्तूचे नाव खऱ्या वस्तूला लावू शकतात, आणि चित्र जितके वास्तवाच्या जवळ तितके हे सोपे जाते. म्हणजे या वयातही पुस्तकातून जगाकडे वाट आहे. पण पलीकडच्या टोकाला हात लावता येईल असे काहीतरी असले, तरच ती वाट कुठेतरी पोहोचते.

येथे नगररचनाकार केविन लिंच यांचा आधार घेण्यासारखा आहे. बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस येथील रहिवाशांशी बोलून लिहिलेल्या ‘द इमेज ऑफ द सिटी’ या 1960 च्या ग्रंथात त्यांनी माणसाच्या मनातील शहराचे पाच घटक सांगितले: वाटा, कडा, म्हणजे नदीकाठ किंवा रेल्वेमार्ग यांसारख्या सीमा, विभाग, चौक आणि खुणेच्या वास्तू. त्यांच्या निष्कर्षानुसार बहुतेकांच्या मनातील चित्रात वाटांचे स्थान सर्वांत मोठे होते, कारण माणूस शहर पाहतो ते चालता चालता, आणि बाकीचे घटक त्या वाटांच्या कडेने रचले जातात. पुठ्ठ्याची शहरपुस्तके या पाचांतील एकच घटक उचलतात. त्यांत खुणेच्या वास्तू एकामागून एक येतात, पण एका पानावरून दुसऱ्या पानावर जायला वाट नसते; पुतळा संपला की पूल येतो, पूल संपला की बाग येते, आणि त्यांच्यामध्ये काय होते हे पुस्तकाला ठाऊक नसते. मुलाचे शहर तर जवळजवळ सगळे त्या मधल्या भागातच असते: दाराबाहेरचा जिना, बाबागाडीच्या चाकांखाली खडखडणारी फरशी, कोपऱ्यावरचे दुकान, सिग्नलपाशी थांबणे.

असे शहर लहान मुलांच्या साहित्यात आणता येते हे शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध झाले होते, आणि तेही न्यूयॉर्कमध्येच. ल्यूसी स्प्रेग मिचेल यांनी 1916 मध्ये तेथे शिक्षणविषयक प्रयोगांसाठी एक संस्था काढली, जी पुढे बँक स्ट्रीट या नावाने जगभर ओळखली गेली. लहान मुले कशी बोलतात, कशाकडे वळून पाहतात, कोणता आवाज पुन्हा पुन्हा काढतात, याची निरीक्षणे करून मिचेल यांनी 1921 मध्ये ‘हिअर अँड नाऊ स्टोरी बुक’ प्रसिद्ध केले. लहान मुलाच्या गोष्टीची सुरुवात त्याला दिसणाऱ्या, ऐकू येणाऱ्या, हाताळता येणाऱ्या जगापासून व्हावी आणि तेथून हळूहळू दूर जावी, हे त्यांचे सूत्र होते. आणि त्यांच्या भोवतीचे जग महानगराचे असल्यामुळे त्या गोष्टींत भुयारी रेल्वेचा डबा, धुक्यातील नौका आणि गगनचुंबी इमारत आली. शहर आणि शिशुवय यांचा मुळात विरोध आहे असे मानणाऱ्यांना हे पुस्तक पुरेसे उत्तर आहे. तेथे इमारत आली ती न्यूयॉर्कची शान म्हणून आली नाही, तर त्या मुलांच्या रोजच्या पाहण्यातील एक गोष्ट म्हणून आली.

मिचेल यांच्या या परंपरेत वाढलेल्या मार्गारेट वाइज ब्राउन यांनी 1947 मध्ये, क्लेमेंट हर्ड यांच्या चित्रांसह, ‘गुडनाइट मून’ लिहिले. पुस्तकात एकच खोली आहे. तिच्यातील वस्तूंचा एकेक करून निरोप घेतला जातो आणि पानागणिक प्रकाश मंद होत जातो. 1991 मध्ये पुठ्ठ्याच्या पानांवर आल्यानंतर ते झोपण्याच्या वेळेच्या पुस्तकांचा नमुनाच होऊन बसले. त्यातील निरोप खरा वाटतो, कारण ज्याचा निरोप घ्यायचा ते समोर आहे आणि उद्या सकाळी पुन्हा असणार आहे. शहरांना शुभरात्री म्हणणाऱ्या आजच्या पुस्तकांनी या विधीचे बोलणे घेतले, पण त्याचा आधार सोडला. खिडकीतून न दिसणाऱ्या पुलाचा निरोप घेताना मुलापाशी फक्त आवाजाचा ठेका उरतो. ठेकाही मोलाचा आहे, आणि मांडीवर बसून ऐकलेल्या आवाजाचे मूल्य कोणी नाकारू नये. पण तो आवाज कुठल्याही पुस्तकाला मिळतो, शहराच्या पुस्तकाने त्यात स्वतःची भर काय घातली, हा प्रश्न राहतोच.

या विचाराविरुद्ध एक जोरकस आक्षेप आहे आणि तोही न्यूयॉर्कमध्येच उभा राहिला. तेथील सार्वजनिक ग्रंथालयाच्या बालविभागाच्या प्रमुख अ‍ॅन कॅरोल मूर यांना मिचेल यांचा हा आग्रह कोता वाटे. परीकथा, लोककथा आणि दूरचे अद्भुत जग हा मुलांचा हक्क आहे, असे त्यांचे मत होते. ‘गुडनाइट मून’ त्या ग्रंथालयाने 1972 पर्यंत घेतले नाही, ही गोष्ट आज विचित्र वाटली तरी तिच्यामागील भीती पोकळ नव्हती. मुलाला केवळ त्याच्या खोलीत आणि गल्लीत कोंडणे ही एक प्रकारची गरिबीच आहे. परंतु परीकथेतील दूरचे जग आणि प्रेक्षणीय स्थळांचे दूरचे जग यांत मोठा फरक आहे. परीकथेतील राक्षसाला भूक लागते, मुलगी वाट चुकते, कोणीतरी घरी परत येते. ही दूरची माणसे मुलाला ठाऊक असलेल्या भावनांवर उभी असतात. वास्तूच्या चित्राला भूकही नसते आणि घरही नसते. त्यामुळे मूर यांच्या बाजूने उभे राहूनही शहरपुस्तकांचे समर्थन होत नाही.

न्यूयॉर्कच्या त्याच ग्रंथालयाने 2020 मध्ये, आपल्या 125 व्या वर्षी, सर्वाधिक वेळा घरी नेलेल्या पुस्तकांची यादी जाहीर केली. तीत पहिले आले एझरा जॅक कीट्स यांचे 1962 मधील ‘द स्नोई डे’, तब्बल 4,85,583 वेळा नेलेले. हे पुस्तक न्यूयॉर्कचेच आहे. ब्रुकलिनमध्ये जन्मलेल्या कीट्स यांनी तेथीलच बर्फ, तेथीलच विटांच्या इमारती आणि तेथीलच रस्ता काढला. मात्र शहराला मिरवणारी एकही वास्तू त्यात पुढे आणलेली नाही. पीटर नावाचा कृष्णवर्णीय मुलगा लाल टोपीचा लाल डगला घालून बाहेर पडतो. पायाचे पंजे एकदा बाहेर वळवून आणि एकदा आत वळवून तो बर्फावर ठसे उमटवतो; मग पाय ओढत चालतो आणि दोन लांब रेघा उमटतात; मग हाती लागलेल्या काठीने तिसरी रेघ उमटवतो आणि त्याच काठीने झाडावरचा बर्फ झटकतो, तर तो त्याच्याच डोक्यावर पडतो. घरी जाताना उद्यासाठी बर्फाचा गोळा खिशात ठेवतो आणि झोपण्यापूर्वी पाहतो तर खिसा ओला आणि रिकामा. ठशांच्या या रेघा हीच त्या पुस्तकातील वाट आहे, आणि ती चित्रातून चित्रात पुढे जाते. पुठ्ठ्याच्या आवृत्तीतही हे पुस्तक दोन वर्षांच्या मुलाला कळते, ते त्याने ब्रुकलिन पाहिले असो वा नसो, कारण आपल्या पायाने काही उमटते आणि खिशातले काही नाहीसे होते, हे त्याला त्याच्या गावच्या मातीत आणि पाण्यातही कळलेले असते.

जर्मनीत हेच काम वेगळ्या रीतीने झाले. म्युनिकचे अली मिटगुच यांनी 1968 मध्ये मोठ्या आकाराच्या पुठ्ठ्याच्या पानांवर शहराच्या गजबजलेल्या दृश्यांचे एक शब्दहीन पुस्तक काढले, ज्याच्या नावातच ‘माझे शहर’ होते, म्युनिक नव्हते. त्याला पुढच्या वर्षी तेथील राष्ट्रीय बालसाहित्य पुरस्कार मिळाला आणि गजबजीच्या पुस्तकांची परंपराच सुरू झाली. पुढे रोट्राउट झुझाने बेर्नर यांनी 2003 पासून एका काल्पनिक गावाची ऋतूंनुसार पुस्तके केली. तीच माणसे, तीच मांजर, तोच पोपट पानापानांवर पुढे सरकत राहतात, आणि मूल एखाद्यावर बोट ठेवून त्याचा माग काढत जाते. या पुस्तकांना मजकूर नसल्यामुळे पालकाला वाचून मोकळे होता येत नाही, बोलावेच लागते. लिंच यांच्या भाषेत सांगायचे तर येथे वाटा, चौक, कडा, विभाग सगळे आहे आणि प्रसिद्ध वास्तू मात्र नाही. तरीही ती शहराची उत्तम पुस्तके आहेत.

प्रसिद्ध शहरांची पुस्तके अगदीच निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ नाही, कारण एकच पुस्तक दोन मुलांच्या हाती दोन वेगळी पुस्तके होते. पॅरिसमध्ये वाढणाऱ्या मुलाला आयफेल टॉवर बागेतून रोज दिसणारी गोष्ट असू शकते आणि तेव्हा ते चित्र त्याला चेंडूच्या चित्राइतकेच जवळचे ठरते. लंडनच्या पुस्तकांत बिग बेनपेक्षा लाल दुमजली बसचे पान मुलांना अधिक धरून ठेवत असेल तर नवल नाही. बस थांबते, दार उघडते, माणसे चढतात, आणि मुंबईत बेस्टच्या लाल बसमध्ये आईच्या मांडीवर बसून गेलेल्या मुलाला ते पान लंडनच्या मुलाइतकेच आपले वाटते. त्याला ती बस दादरची वाटली तर ती चूक मानण्याचे कारण नाही, कारण त्याने चित्रातून खऱ्या वस्तूपर्यंतचा प्रवास बरोबरच केलेला असतो.

मग तीच पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को ही शहरे पुन्हा पुन्हा का येतात? त्रिकोण शिकवण्यासाठी पॅरिस लागत नाही. उत्तर बाजारात आहे. पुठ्ठ्याचे पुस्तक महाग पडते, म्हणून एकाच वेळी मोठ्या संख्येने छापले तरच ते परवडते. त्यासाठी अनेक भाषांच्या आवृत्त्या एकत्र छापण्याची पद्धत आहे, ज्यात चित्रांचे रंग सगळ्यांना सामाईक राहतात आणि मजकुराची काळी प्लेट तेवढी भाषेप्रमाणे बदलली जाते. अशा व्यवहारात जगभर ओळखले जाणारे शहरच निवडले जाणार. त्यात विमानतळ आणि संग्रहालयांतील दुकानांची भर पडते, जेथे बाळासाठी घेतलेले पुस्तक प्रत्यक्षात प्रवासाची आठवण म्हणून घेतलेले असते. बाळ यातून शहरांची प्रतवारी शिकते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. ती प्रतवारी पक्की होते ती निवड करणाऱ्या मोठ्यांच्या मनात, आणि कोणत्या शहरांची पुस्तके निघणार नाहीत हे त्यातूनच ठरते.

मराठीपुरते पाहिले, तर जवळच्या जगापासून सुरुवात करण्याचा विचार येथे परका नाही. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे, आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाड येथे, वारली मुलांची बालवाडी चालवताना महागड्या आयात साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने आणि खडे वापरले, आणि मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडीची कल्पना तेथूनच आली. पुस्तकांत माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ मालिकेने एका लहान मुलीच्या घरातील माणसांनाच विषय केले आणि तेवढ्यावर तिचे सगळे जग उभे केले. या वाटेने पुढे गेले तर मुंबईचे पुठ्ठ्याचे पुस्तक गेटवे ऑफ इंडियापासून सुरू होणार नाही. ते चाळीच्या किंवा इमारतीच्या जिन्यापासून सुरू होईल, लिफ्टच्या जाळीच्या दारातून खाली येईल, फुलवालीच्या टोपलीपाशी थांबेल, बसमध्ये चढेल, पुलावरून खाली धडधडणारी लोकल पाहील आणि पावसात भिजून त्याच जिन्याने घरी येईल. गेटवे वाटेत लागला तर मूल तेथील कबुतरांच्या मागे लागलेले असेल. सोलापूरचे, नागपूरचे, पणजीचे पुस्तकही असेच होऊ शकते.

न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात वाढणाऱ्या मराठी मुलाचा प्रश्न थोडा वेगळा आहे, आणि दूरच्या शहराला तेथे खरे कारण सापडते. त्या मुलाला पुणे ठाऊक नसते, पण फोनच्या पडद्यावर रोज संध्याकाळी दिसणारी आजी ठाऊक असते. आजीच्या ओट्यावरचा कुकर, तिच्या गॅलरीतील तुळस, ती ज्या रिक्षाने मंडईत जाते ती रिक्षा, ही पाने त्याला समजतात, कारण त्यांच्या पलीकडे हाक मारता येईल असे माणूस आहे. दूरचे गाव लहान मुलाला माणसामुळेच जवळचे होते. शनिवारवाड्याचा दरवाजा अशा पुस्तकात शेवटून दुसऱ्या पानावर, आजीबरोबर फिरायला गेल्यावर आला, तर तो त्या मुलाला पहिल्या पानावरच्या दरवाजापेक्षा कितीतरी मोठा दिसेल. अशी पुस्तके अनेक भाषांच्या सामाईक छपाईत बसणार नाहीत, त्यांना परदेशी विमानतळांवर गिऱ्हाईक मिळणार नाही, आणि म्हणून त्यांची जबाबदारी बाजारावर सोडता येणार नाही. 1975 पासून देशभर चाललेल्या एकात्मिक बालविकास योजनेच्या अंगणवाड्यांसाठी शासनाने ती मोठ्या संख्येने विकत घेतली, तर पुठ्ठ्याच्या छपाईचा खर्च आवाक्यात येईल, आणि मग प्रकाशकांना पॅरिसची पाने उसनी आणण्याची गरज उरणार नाही.